काकांच्या गाडीचे टॅपेट

वर्ध्याला मास्तरकी करायला गेलो तेव्हा मला दोन खोल्या भाड्याने हव्या होत्या. त्या मिळाल्या आणि त्यांच्याबरोबर एक लोखंडी हँडलही गळ्यात पडलं. घरमालकांनी माझी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, बायको भांडखोर आहे का तेही विचारलं नाही. माझे दंड मात्र नीट निरखून पाहिले आणि म्हणाले, "आयतवारी सकाळी घरीच राह्यता न, मास्तर?" मी हो म्हणालो. त्या एका होकारापायी वर्ध्यातल्या माझ्या सगळ्या रविवारांचं वाटोळं झालं.

घरमालक सरकारी ओव्हरसिअरच्या नोकरीतून निवृत्त झालेले. मूळचे आंजीचे, शेतकरी घरातले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुलांच्या कमानी मोजून त्यांना एक वाईट खोड लागली होती, ती म्हणजे कुठल्याही दोन वस्तूंमध्ये किती फट आहे हे पाहण्याची. दार लावलं की फट पाहायचे. पाट मांडला की खाली वाकून फट पाहायचे. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा बायकोने तव्यावर घातलेली पोळी बाजूला ठेवून त्यांनी तव्याखाली बोट घातलं आणि "चूल एका अंगानं बसली हाय" असा निकाल दिला. चूल खरंच बसली होती. पण जेवायला आलेल्या माणसाने ती पाहू नये, इतकंच माझं म्हणणं. गल्लीत सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. मनात काय म्हणत होतो ते सांगण्यासारखं नाही.

काकांची गाडी मागच्या गोठ्यात उभी असे. गाय विकून टाकली होती, गव्हाण तशीच होती आणि गव्हाणीला नाक लावून ही लढाईच्या आधीची विलायती मोटार. देश सोडून निघालेल्या कुठल्या साहेबाकडून काकांनी ती घेतलेली. मी राहायला आलो तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. पुढे प्रांतांची मोडतोड होऊन अख्खा वर्धा जिल्हा मुंबई राज्यात गेला. गाडी मात्र गोठ्यातून हलली नाही, कारण तिचे टॅपेट नीट लागायचे होते.

टॅपेट म्हणजे काय हे मला तोवर ठाऊक नव्हतं, आणि तसं ते ठाऊक नसतानाही माझं बरं चाललं होतं. इंजिनात हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला वॉल्व्ह असतात. वरून एक दांडी त्यांच्या शेपटावर टकटक दाबते आणि ते उघडतात. ती दांडी आणि ते शेपूट यांच्यामध्ये नखाच्या कडेएवढी फट ठेवावी लागते. ही फट बरोबर लावणं म्हणजे टॅपेट लावणं. कुणीही मेकॅनिक सकाळच्या चहाआधी ते काम उरकतो. काका ते काम मी राहायला येण्याच्या किती तरी आधीपासून करत होते.

दर रविवारी गाडीचं बॉनेट उघडायचं, इंजिनावरचं झाकण काढायचं, धुतलेल्या धोतराच्या तुकड्यावर पाने मांडायचे आणि मला हाक मारायची. माझं काम गाडीच्या पुढे उकिडवं बसून हँडल फिरवण्याचं. तेही असं तसं नाही, तर इंजिन केसभर सरकेल इतकं हळू. एक वॉल्व्ह पुरता दबला की त्याच्या जोडीचा ढिला पडतो, आणि त्या ढिल्याची फट मोजायची. जोडी कशी ओळखायची, तर दोघांच्या नंबरांची बेरीज नऊ आली पाहिजे. पहिला दबला की आठवा लावा, तिसरा दबला की सहावा. "मास्तर, बेरीज नऊ आली पाह्यजे," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की वर्गात भूगोल शिकवताना पोरांनी नऊ म्हटलं तरी मनगट दुखायचं.

"काका, ते प्लग काढून ठेवले तर हँडल हलकं फिरेल," मी एकदा म्हणालो. बाजारातल्या एका ड्रायव्हरने मला ते सांगितलं होतं.

"फिरंन न. कोन नाई म्हनते?"

"मग काढू या का?"

"काऊन काढा लागते? मंग इंजिनात दम किती हाय हे कसं समजंन तुमाले?"

मला ते समजून घ्यायचं नव्हतं. इंजिनाचा दम समजेपर्यंत माझा जात होता. पण काकांशी वाद घालण्यात अर्थ नसे. ते चिडत नसत, आवाज चढवत नसत, तुमचं म्हणणं पूर्ण ऐकून घेत आणि मग आपलं तेच करत.

फट मोजायला त्यांच्याकडे पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा होता. त्यातली एक पट्टी ते फटीत घालून मागेपुढे करत आणि डोळे मिटून घेत. "पोळीवर तूप फिरवता न, तसं फिरलं पाह्यजे. सरसर गेलं त ढिलं, अडलं त घट्ट." मग एक पाना धरायचा, दुसऱ्याने आवळायचं, आवळताना फट बदलायची, पुन्हा सोडायचं. आठ वॉल्व्ह झाले की पहिल्यावर शंका यायची. तोवर ऊन डोक्यावर आलेलं असे आणि आतून काकूंचा आवाज येई.

"अवो, झाली काय गाडी?"

"होऊन राह्यली," काका इंजिनात डोकं घालूनच म्हणत.

हे दर रविवारी ठरलेलं. काकूंनी विचारायचं आणि काकांनी होऊन राह्यली म्हणायचं. 'झाली' हा शब्द त्या गाडीबद्दल मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

काकूंना गिरडच्या दर्ग्याला जायचं होतं. काका एकदा मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा काकूंनी डोंगरावरच्या फरीदबाबांना बोलून ठेवलं होतं, की यांना उठव, आम्ही दोघं जोडीनं येऊन चादर चढवू. काका उठले. उठले ते थेट गाडीपाशी गेले असावेत. जोडीनं असं बोललेलं असल्यामुळे काकूंना एकटीने जाता येईना, आणि भाड्याच्या सर्व्हिस मोटारीतून जायला काका तयार होईनात. घरी गाडी असताना नवसाला दुसऱ्याच्या मोटारीतून जायचं नाही, असं त्यांचं ठाम मत. गाडी आहे म्हणून मोटारीने जायचं नाही आणि टॅपेट लागले नाहीत म्हणून गाडीनेही जायचं नाही. सगळी वाट त्यांनी अशी स्वतःच बुजवून ठेवली होती आणि वर ते अगदी समाधानात असत.

चादर काकूंनी स्वतःच्या हाताने शिवली होती. हिरवी, कडेने जरीची पट्टी लावलेली. ट्रंकेत कापूर घालून ठेवलेली. माझ्या बायकोला त्यांनी ती पुष्कळदा दाखवली. दाखवायला उठताना आधी त्या दाराची चौकट धरत, मग एक गुडघा, मग दुसरा. "वर पायऱ्या हायेत व बाई," त्या म्हणत. "दरसाली वाटते, अंदा चढून होईन. पुढच्या सालचं काई खरं नाई." बायको मला येऊन सांगायची आणि मी चिडायचो. चिडून उपयोग नव्हता. रविवारी पुन्हा हँडल माझ्याच हातात.

वैशाखातली गोष्ट तर मी अजून विसरलो नाही. टॅपेट थंड इंजिनावर लावायचे असतात. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोठ्यातलं इंजिन थंड राहणार कसं? काकांनी यावर डोकं चालवलं. बैठकीच्या दाराला लावलेली वाळ्याची ताटी त्यांनी सोडवली, गाडीच्या तोंडाला बांधली आणि तिच्यावर तांब्याने पाणी शिंपडत बसले. घरात ताटी ती एकच. काकू आत पदराने वारा घेत गहू निवडत होत्या आणि गोठ्यात गाडी वाळ्याच्या गार वासात उभी होती.

"काका, काकूंना उकडतंय," मी म्हणालो.

"मानसाले उकडलं त घाम येते, मास्तर. लोखंडाले घाम येत नाई. ते फुगते. मंग फट कमी होते."

"अहो, पण माणूस..."

"तुमी हँडल मारा."

मी मारलं. त्या दिवशी त्या माणसाला खरोखरच हँडल मारावं असं मनात आलं होतं, पण इंजिनाला मारलं.

एकदा मात्र आम्ही निघालो होतो. दसरा होऊन गेला होता, हवा छान होती. काकूंनी बाबांसाठी मलिदा करून डबा भरला. मागे काकू आणि माझी बायको, पुढे काका आणि मी. गाडी सुरू झाली आणि खरं सांगायचं तर सुंदर चालली. गल्लीतली माणसं दारात येऊन पाहत होती. काकूंनी चादरीचं गाठोडं छातीशी धरलं होतं. हिंगणघाटच्या रस्त्याला लागायच्या आतच काकांनी मान कलती केली.

"ऐकलं?"

"काय?"

"एक कमी वाजून राह्यला."

"कमी वाजतोय तर चांगलंच आहे की," मी म्हणालो.

काकांनी गाडी बाजूला घेतली आणि माझ्याकडे वर्गातल्या ढ पोराकडे पाहावं तसं पाहिलं. "मास्तर, वाजनारा वॉल्व्ह जिता असते. थोडी फट हाय, म्हनून वाजते. वाजू द्याचं त्याले. जो चूप झाला न, त्याची फट गेली. तो पुरा बसतच नाई. आतल्या आत जळून राह्यला असते, अन् आपल्याले वाटते, वा, किती शांत गाडी." एवढं बोलून त्यांनी गाडी वळवली आणि घरी आणली.

काकू गोठ्यात गाडीतच बसून राहिल्या. आम्ही सगळे उतरलो तरी त्या बसूनच. मग बायकोने हात धरून त्यांना उतरवलं. संध्याकाळी सगळ्यांनी चहाबरोबर मलिदा खाल्ला, काकांनी दोनदा मागून घेतला. मी त्या दिवशी घर बदलायचं ठरवलं आणि दोन खोल्या पाहूनही आलो. बायको म्हणाली, "तुम्ही गेलात तर हँडल कोण मारेल? मग तर काकूंचं गिरड कायमचं राहिलं." म्हणून राहिलो.

त्यानंतरच्या थंडीत काहीतरी बदललं. माझ्या ते लवकर ध्यानात आलं नाही. रविवार तसेच चालू होते, बेरीज नऊ येत होती. फक्त काम मधेच थांबायला लागलं. काका पट्टी फटीत घालून तसेच थांबत आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत. मला वाटे फडकं हवंय, मी फडकं पुढे करी. ते घेत नसत.

माघातल्या एका रविवारी त्यांनी सगळे वॉल्व्ह ढिले करून पुन्हा एकेक लावायला घेतले होते. अर्धे झाले आणि ते थांबले.

"मास्तर, ती आज पन विचारून नाई राह्यली."

"कोण?"

"घरची. 'झाली काय गाडी' म्हनून. लय आयतवार झाले."

मला चटकन राग आला. इतकी वर्षं ज्या बाईचं बोलणं या माणसाने डोकं वर न काढता ऐकलं, तिचं न बोलणं त्याला आता ऐकू आलं होतं. "कशाला विचारतील?" मी म्हणालो. "उत्तर पाठ झालंय त्यांना."

काका पाना हातात तसाच घेऊन आत गेले. मी हँडल सोडून मागोमाग दारापर्यंत गेलो. ट्रंक उघडी होती, आत कापराच्या वड्या होत्या आणि चादर नव्हती. काकू चुलीपुढे भाजी चिरत होत्या.

"चादर कुठं हाय?" काकांनी विचारलं.

"शेजारी देल्ली," काकू म्हणाल्या. शेजारणीची आई गिरडकडची, लेकीच्या बाळंतपणाला आली होती आणि त्याच दिवशी परत निघणार होती. "तिच्यासंगं धाडून राह्यलो. बाबाले सांगजो म्हटलं, आमच्यानं येनं होत नाई."

यात तक्रार नव्हती, टोमणा नव्हता. भाजीत मीठ घातलं असं सांगावं तशा त्या बोलल्या. मला त्यांचा तो स्वर सहन झाला नाही. त्या रडल्या असत्या किंवा भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काका बंडी आणि मळक्या धोतरानिशी तसेच शेजारी गेले. परत आले तेव्हा गाठोडं त्यांच्या हातात होतं आणि हिरव्या कापडावर तेलकट अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता. गोठ्यात येऊन ते म्हणाले, "मास्तर, झाकन लावा."

"पण अजून निम्मे..."

"हायेत तसे आवळतो. तुमी झाकन धरा."

त्यांनी ढिले होते तसेच उरलेले वॉल्व्ह आवळले. झाकणाखालचं पॅकिंगसुद्धा नीट बसवलं नाही, तेल बाहेर येत होतं. मग दारात जाऊन म्हणाले, "चाल. लुगडं बदलून घे."

काकू त्यांच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. माझ्या बायकोने आत येऊन त्यांच्यापुढची विळी काढून घेतली.

ती गाडी त्या दिवशी जी वाजली, तशी गाडी मी पुन्हा कधी ऐकली नाही. डब्यात गोटे घालून कुणी हलवतंय असं वाटत होतं. हिंगणघाटच्या बाजारात लोक दुकानातून बाहेर आले. एका बैलगाडीचे बैल बिथरले आणि गाडीवानाने आमचा उद्धार केला. मी कानावर हात ठेवून बसलो होतो. काका समोर पाहून गाडी हाकत होते आणि प्रत्येक खटखटीला त्यांचा गाल उडत होता. पण थांबले नाहीत.

गिरडला पोचलो तेव्हा दुपार उतरणीला लागली होती. डोंगराच्या पायथ्याशी काकू उतरल्या, पायऱ्यांपाशी गेल्या. पहिली चढल्या. दुसरीवर पाय ठेवून हात टेकला आणि तशाच उभ्या राहिल्या. मग सावकाश वळून पायरीवर बसल्या.

"तुमी जा," त्या म्हणाल्या. "मी इथंच बसतो."

"जोडीनं म्हटलं होतं न तू."

"म्हटलं होतं. तवा गुडघे होते."

काकांनी एकदा पायऱ्यांकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. आम्हा नवराबायकोंना कुठे पाहावं ते कळेना. मग काकांनी जे केलं ते मी स्वप्नातसुद्धा त्यांच्याकडून अपेक्षिलं नसतं. त्यांनी मला हँडल मारायला लावलं आणि गाडी सुरू केली. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं हे त्यांच्या लेखी पाप होतं. ते पाप करून त्यांनी काकूंना धरून नेलं, गाडीत बसवलं, शेजारी माझ्या बायकोला बसवलं आणि म्हणाले, "बंद नोका करजा. आमी येतो."

आम्ही दोघे वर चढलो. पायऱ्यांच्या कडेने सुपारीएवढे गोल दगड पडले होते, ते पायाखाली घरंगळत होते. काका मधेमधे थांबत. मला वाटलं दम लागला. पण ते मान कलती करून खालचं ऐकत होते. वर शांत होतं, वाऱ्याशिवाय काही नव्हतं, आणि खालून ती खटखट स्पष्ट येत होती.

दर्ग्याच्या मुजावराने चादर हातात घेतली, ठसा पाहिला आणि घडी उलगडली. चादर चढवून झाल्यावर त्याने विचारलं, "घरवाली नहीं आयी?"

"आली न," काका म्हणाले. "ऐका."

मुजावराने कान दिला. म्हातारा माणूस, त्याला किती ऐकू आलं कोण जाणे. पण त्याने मान डोलावली आणि प्रसादाची शिरनी दोघांच्या हिश्शाची बांधून दिली.

खाली आलो तेव्हा रेडिएटरमधून वाफ निघत होती. काकूंनी शिरनी कपाळाला लावली, चिमूटभर तोंडात घातली आणि म्हणाल्या, "किती वाजते वो ही गाडी. डोकं उठलं माझं." काका इतके खूश झाले, की इंजिन बंद करायचं विसरले. शेवटी ते मीच केलं.

पुढच्या रविवारी मला हाक आली. मी हँडल घेऊन गेलो. झाकण निघालेलं होतं, पाने मांडलेले होते. मी निमूट फिरवलं. राहिलेल्यांपैकी एक वॉल्व्ह दबला, त्याच्या जोडीच्या फटीत काकांनी पट्टी घातली आणि डोळे मिटले. तेवढ्यात आतून आवाज आला.

"अवो, झाली काय गाडी? आंजीले जाऊन येऊ म्हनतो. बहिनीकडं."

काकांनी डोळे उघडले. पट्टी बाहेर काढली, पुसली, जुडग्यात मिटवली.

"झाली," ते म्हणाले.

"काका, अहो निम्मे तसेच आहेत," मी ओरडलो. एवढे रविवार घालवून मला त्या फटींची चीड यावी की काळजी वाटावी हे माझं मलाच कळत नव्हतं. "एक तरी लावा. हा दबलाय ना, आता जोडीचा लावून घ्या. बेरीज नऊ..."

"राहू द्या, मास्तर," काका म्हणाले, आणि झाकण उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं. "वाजू द्या तिले."